फांटा आणि वेल

शाळेच्या वार्षिक समारंभांत पाहुण्यांच्या भाषणाचा शेवट बहुधा एकाच आशीर्वादानें होतो, कीं तुमचें जीवन फलद्रूप होवो. टाळ्या होतात, मुलें घरीं जातात, आणि फलद्रूप होणें म्हणजे नेमकें काय, हा प्रश्न तेथेंच राहतो. कोणी समजतो, पहिला नंबर म्हणजे फळ. कोणी समजतो, चांगली नोकरी, स्वतःची जागा, परदेशचा प्रवास म्हणजे फळ. ह्या गोष्टी वाईट नाहींत, आणि त्या मुलांस मिळाव्या म्हणून आईबाप जे कष्ट काढतात ते आम्ही रोज पाहतों. परंतु ख्रिस्ती शास्त्रांत फळ हा शब्द ज्या ठिकाणीं सर्वांत ठळकपणें येतो, तेथें त्याचा अर्थ निराळा आहे, आणि तो समजून घेतल्यावांचून ख्रिस्ती जीवनाविषयीं आपण केलेली पुष्कळशी चर्चा पोकळ ठरते. आमच्या शाळेंतील बरींच मुलें ख्रिस्ती घरांतील नाहींत. त्यांनींही हा लेख वाचावा. द्राक्षाचा वेल कोणा एका धर्माचा नाहीं. आणि आपला ख्रिस्ती शेजारी रविवारीं सकाळीं कोठें जातो व कशासाठीं जातो, हें ठाऊक असलेलें बरें.

तें ठिकाण म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय. प्रभूच्या मरणापूर्वींची ती शेवटची रात्र. भोजन आटोपलें आहे, यहूदा बाहेर अंधारांत निघून गेला आहे, आणि उरलेल्या अकरा जणांशीं प्रभु बोलत आहे. तो आपणांस खरा द्राक्षवेल म्हणतो, पित्यास माळी म्हणतो, आणि शिष्यांस फांटे म्हणतो. ज्यांना हें सांगितलें ते कांहीं तासांच्या आंत त्याला सोडून पळणार होते, हें वाचकांनीं विसरूं नये. हा उपदेश बळकट माणसांना केलेला नाहीं.

मूळ ग्रीक भाषेंत ह्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून दहाव्या वचनापर्यंत 'राहणें' ह्या अर्थाचें एकच क्रियापद दहा वेळां आलें आहे. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. आज्ञा केली आहे ती 'राहा' अशी. 'फळ द्या' अशी आज्ञा त्या भागांत कोठेंही नाहीं. फळ हा राहण्याचा परिणाम म्हणून सांगितला आहे. आम्ही मात्र उलट करतों. मुलांना रोज फळाबद्दल बजावतों, आणि राहण्याबद्दल वर्षांतून एकदां, तेंही निकाल वाईट लागल्यावर!

आतां वेलाकडे वळूं. उपनगरांत वाढलेल्या मुलानें द्राक्षें पाहिलेलीं असतात तीं फेब्रुवारी-मार्चांत, स्टेशनाबाहेरच्या हातगाडीवर. वेल पाहिलेला नसतो. म्हणून कसारा घाट चढून नाशिक जिल्ह्यांतील एखाद्या बागेंत मनानें जाऊं, आणि तेथील बागाईतदार ज्या शब्दांनीं बोलतो त्याच शब्दांनीं वेल समजून घेऊं. जमिनींतून वर येतें तें खोड. खोडापासून मांडवावर दोन्ही बाजूंस जे जाड हात पसरलेले असतात त्यांस ओलांडे म्हणतात. ओलांड्यांवर दरवर्षी नव्या काड्या येतात. शास्त्रांतील फांटा तो हाच. काडीच्या प्रत्येक पेरावर एक डोळा असतो, आणि त्या डोळ्यांतून पुढें घड निघतो. हल्लीं बहुतेक बागांत वेल स्वतःच्या मुळांवर उभा नसतो. डॉगरिज नांवाच्या एका चिवट परदेशी जातीचें रोप आधीं लावतात आणि त्यावर गोड जातीच्या काडीचें कलम करतात. कारण क्षारयुक्त जमीन आणि पाण्याचा तुटवडा ह्यांस तीं मुळें टिकून राहतात. खालचें दुसऱ्याचें आणि वरचें दुसऱ्याचें, तरी कलम जुळलें कीं एकच जीव. आमच्या पूर्वजांपैकीं पुष्कळांचें ख्रिस्ताशीं नातें असें कलमानेंच जुळलेलें आहे, जन्मानें नव्हे. म्हणून हा तपशील आम्हांस विशेष जवळचा वाटतो.

ह्या बागांत वर्षांत छाटण्या दोन आणि पीक एक. माल उतरल्यावर एप्रिलाच्या सुमारास जी छाटणी होते तिला खरड छाटणी म्हणतात. नांवाप्रमाणेंच ती खरडून केलेली असते. ओलांड्यांवर एखाद-दुसरा डोळा ठेवून सगळी काडी उतरवितात. त्या दिवसांत बागेंत गेलेल्या नवख्या माणसाला वाटावें, मालकानें बाग मोडली. नंतर उन्हाळ्यांत नवी फूट येते, ती काडी पिकते, आणि ऑक्टोबरांत दुसरी छाटणी होते. ती गोडी छाटणी. तिच्यानंतर घड दिसूं लागतात, आणि थंडी सरतां सरतां द्राक्षें बाजारांत येतात.

पण खरी मौज मधल्या काळांत आहे. खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत, ऐन उन्हाच्या दिवसांत, नव्या काडीच्या कोंवळ्या डोळ्यांत पुढच्या घडाचा अंकुर धरतो. बाहेरून कांहींएक दिसत नाहीं. त्या दिवसांत ऊन कमी पडलें, ढगाळ राहिलें, पानांची गर्दी होऊन काडीला उजेड मिळाला नाहीं, तर डोळा वांझ राहतो. जाणते बागाईतदार ऑक्टोबरच्या छाटणीपूर्वीं कांहीं काड्या प्रयोगशाळेंत पाठवून डोळे चिरून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहवितात आणि मगच कोठें कापावें तें ठरवितात. म्हणजे फेब्रुवारींत आपण जें फळ खातों तें आदल्या मेमध्यें ठरलेलें असतें. पॅलेस्टाईनमधील माळी हिवाळ्यांत एकदांच छाटी. दोन छाटण्यांचा हा आमच्या महाराष्ट्राचा प्रकार शिष्यांस माहीत नव्हता. माहीत असता तर प्रभूचा दृष्टान्त त्यांस आणखी कडक वाटला असता.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्ही वाचकांस बागेंत नेलें, ती. द्राक्षाची पिकलेली काडी तोडून पाण्यांत किंवा ओल्या मातींत ठेवली, तर ती त्याच दिवशीं वाळत नाहीं. काडींत मागील हंगामांत सांठविलेलें अन्न असतें. त्या सांठ्यावर डोळे फुटतात, चार-दोन कोंवळीं पानेंही येतात, आणि पाहणाराला वाटतें कीं काडी जिवंत आहे, वाढतही आहे. मुळें मात्र फुटलेलीं नसतात. सांठा संपतांच तीं पानें एके दिवशीं माना टाकतात. तुटणें आणि वाळणें ह्यांत बरेच दिवस जातात, आणि ह्या मधल्या दिवसांतील हिरवेपणा अत्यंत फसवा असतो. (दृष्टान्त फार ताणूं नये हें आम्हांस ठाऊक आहे. काडीला मुळें फुटलीं तर तिचा स्वतंत्र वेल होतो. पण ख्रिस्तावेगळी स्वतःचीं मुळें फुटलेला ख्रिस्ती मनुष्य आम्ही अद्याप पाहिला नाहीं.)

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ह्या भागांतील आमच्या पुष्कळ कुटुंबांची आजची स्थिति पाहिली म्हणजे ती काडी आठवते. कोणाचे आजोबा नगर, जालना, सोलापूर किंवा कोल्हापूर ह्या बाजूंकडून मिशनशाळेंत शिकून मुंबईस आले. त्यांना स्तोत्रें तोंडपाठ होतीं. कोणाचीं घराणीं येथल्याच गांवठाणांतील. संध्याकाळीं क्रूसापुढें मेणबत्ती लागे, जपमाळ होई, आणि घरांतील सर्वांत लहान मूलही गुडघे टेकून बसे. तो सांठा मोठा होता. त्यावर नातवंडें अद्याप हिरवीं आहेत. नांवें ख्रिस्ती आहेत, नाताळांत खिडकींत तारा लागतो, लग्नें व दफनविधि यथासांग होतात. परंतु सकाळची सातची लोकल, दोन्ही पालकांची नोकरी, संध्याकाळचा शिकवणीवर्ग आणि रात्रीं प्रत्येकाच्या हातांत मोबाइल, ह्यांत ओलावा येण्याची वाट कोठें उरली आहे? आम्ही कोणाला दोष देत नाहीं. विरार-चर्चगेट गाडींत दोन तास उभा राहून घरीं आलेल्या बापाला प्रार्थनेला बसा म्हणणें सोपें नसतें, हें आम्ही जाणतों. परंतु सांठा संपतो, ही गोष्ट आमच्या सहानुभूतीनें बदलत नाहीं.

येथें कोणी विचारील, जडून राहणें म्हणजे देवळाला जडून राहणें काय? ह्याचें उत्तर आमच्याच अंधेरींत उभें आहे. सीप्झच्या कुंपणाच्या आंत, कारखान्यांच्या व कचेऱ्यांच्या मध्यें, संत योहान बाप्तिस्त ह्यांच्या नांवाचें एक भग्न ख्रिस्तमंदिर आहे. जेज्विट पाद्रींनीं तें बांधून १५७९ सालीं उपासनेसाठीं खुलें केलें. १७३९ सालीं साष्टी मराठ्यांच्या हातीं आली आणि पोर्तुगीज धर्मगुरूंचा आधार तुटला. तरी एतद्देशीय पाद्रींच्या हातून आणि घरोघरच्या प्रार्थनेंत येथील ख्रिस्ती लोकांची श्रद्धा चालू राहिली. पुढें १८४० सालीं गांवांत साथ आली. माणसें मरूं लागलीं, आणि उरलेल्या लोकांनीं वस्ती सोडून मरोळची वाट धरली. अडीचशे वर्षांहून अधिक काळ ज्या छपराखालीं त्यांचे विवाह झाले तें छप्पर त्यांना मागें टाकावें लागलें. पण जातांना त्यांनीं मूर्ति नेल्या, खांब नेले, आणि बाप्तिस्म्याचें कुंडही नेलें. मरोळला नवें मंदिर उभें राहिलें, आणि जुन्या गांवच्या पाण्याच्या कुंडाशीं नव्या गांवचीं बाळें आणलीं जाऊं लागलीं.

ह्या हकीकतींत आम्हांस दोन गोष्टी दिसतात. इमारत मोडली म्हणून मंडळी मोडली नाहीं, ही एक. दुसरी अशी कीं, त्या लोकांनीं इमारतीची पर्वा नाहीं असें म्हणून हात झटकले नाहींत. सांथीच्या धांदलींत, आजारी माणसें व बिऱ्हाडें हलवितांना, एवढें जड कुंड वाहून नेण्याचें कारण काय होतें? नवें घडवितां आलें असतें. परंतु आपण कोणत्या मुळापासून आलों ह्याची खूण त्यांना सोडावयाची नव्हती. आजही वर्षांतून एकदां, मे महिन्यांत, त्या भग्न भिंतींच्या आंत मिस्सा होतो, आणि सीप्झच्या फाटकांतून मरोळचे लोक वाडवडिलांच्या जागीं जातात. वर्षांतून एकदां जाणें हें स्मरण होय. रोजचें राहणें मात्र मरोळच्या घरांत व्हावें लागतें, आणि तें होतें कीं नाहीं हें कुंपणाबाहेरच्यांना दिसत नाहीं.

मग रोजचें राहणें कसें? ह्याविषयीं आम्ही थोडेंच लिहितों, कारण ह्यांत नवें असें कांहीं नाहीं, आणि जें आहे तें सर्वांस माहीत आहे. वचन वाचावें, पुष्कळ नव्हे, पण ठरलेल्या वेळीं. सोळाशें सोळा सालीं छापलेलें फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें मराठी ख्रिस्तपुराण पुढें छापील प्रतींत दुर्मिळ झालें, तेव्हां मंगळूरकडील ख्रिस्ती घराण्यांनीं तें हातानें उतरून घेऊन जपलें, आणि अशा हस्तलिखितांच्या आधारें १९०७ सालीं तें पुन्हां छापलें गेलें. दहा हजारांवर ओव्या! ज्यांनीं त्या उतरल्या त्यांच्याकडे आपल्याहून अधिक रिकामा वेळ होता असें आम्हांस वाटत नाहीं. प्रार्थना करावी, आणि मुलांनीं तींत परीक्षेखेरीज दुसराही विषय आणावा. प्रभुभोजनास जावें. आणि ज्याच्याशीं अबोला आहे त्याच्याशीं बोलावें. ह्या शेवटच्या गोष्टीस आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतों; कारण प्रभूनें त्याच अध्यायांत आपल्या प्रीतींत राहण्याचें सांगून लगेच एकमेकांवर प्रीति करण्याची आज्ञा दिली आहे. भावाशीं एका छपराखालीं न बोलतां वेलाला जडून राहिलों असें समजणारा फांटा स्वतःला फसवितो. वर्गांतही हें लागू आहे. पाठीमागच्या बांकावरच्या ज्या मुलाला कोणी खेळावयास घेत नाहीं, त्याच्याजवळ डबा उघडून बसणें ही उपासनेची गोष्ट आहे, असें आम्ही लहान मुलांना सांगतों, आणि लहान मुलांना तें मोठ्यांपेक्षां लवकर पटतें.

छाटणीविषयीं मात्र विस्तारानें लिहिलें पाहिजे. ग्रीक मुळांत माळी फळ देणाऱ्या फांट्याला जें करतो त्यासाठीं जो शब्द आहे, त्याचा अर्थ स्वच्छ करणें असा होतो. वाळलेला फांटा तोडतात हें सर्वांस समजतें. फळ देणाराही कापतात, हें कोणास रुचत नाहीं. एखाद्या घरीं आजार येतो, कर्ता मनुष्य जातो, हुशार मुलाची परीक्षा हुकते, आणि लोक विचारतात कीं देवानें ह्यालाच कां निवडलें. प्रत्येक दुःख देवानेंच मुद्दाम पाठविलेलें असतें असें आम्ही म्हणणार नाहीं. तसें म्हणणारे लोक बहुधा दुसऱ्याच्या दुःखाविषयीं बोलत असतात. परंतु कापल्या जागेंतून फळ येऊं शकतें, ह्यास आमच्या महाराष्ट्रांत एक मोठी साक्ष आहे, ती पंडिता रमाबाईंची.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. सोळा वर्षांच्या असतांना दुष्काळांत आईबाप गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली. भावाबरोबर अर्धा हिंदुस्थान पायीं तुडविला; १८८० सालीं तो भाऊही गेला. त्याच वर्षी विवाह झाला, आणि १८८२ सालीं पटकीनें पति गेले. कडेवर मनोरमा तेवढी राहिली. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढें ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत चौपाटीजवळ त्यांनीं विधवांसाठीं शारदासदन उघडलें आणि दुसऱ्या वर्षी तें पुण्यास नेलें. येथपर्यंतची कथा पुष्कळांस ठाऊक असते. कमी ठाऊक आहे तें हें कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं ह्या विदुषीला असें आढळून आलें, कीं आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, परंतु ख्रिस्त मिळालेला नाहीं. तिनें आपल्या साक्षीच्या पुस्तिकेंत हें स्पष्ट लिहून ठेविलें आहे. त्या वेळीं तिचें नांव दोन खंडांत गाजत होतें, संस्था चालू होती, लोक तिला यशस्वी म्हणत होते. काडी हिरवी होती. तरी तिनें स्वतःच डोळा चिरून पाहिला.

ह्यापुढचा भाग तर विलक्षण आहे. अमेरिकेंतील मंडळींनीं शारदासदनास दहा वर्षें मदत देण्याचें कबूल केलें होतें. ती मुदत संपल्यावर काय, ह्या विचारानें रमाबाईंनीं पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें सुमारें शंभर एकर जमीन घेतली. हेतु असा, कीं तेथें फळबाग लावावी आणि फळांच्या विक्रीवर सदन चालवावें. हिशेब शहाणपणाचा होता. इतक्यांत १८९६ सालचा दुष्काळ मध्यप्रांतावर कोसळला. सोळाव्या वर्षी स्वतः भोगलेली भूक त्यांच्या स्मरणांत होती. त्या तिकडे गेल्या आणि रस्त्यांवर व मदतछावण्यांतून अनाथ मुली व तरुण विधवा गोळा करून परतल्या. प्लेगाच्या दिवसांत इतक्या जणींना पुण्यांत ठेवणें अशक्य झालें, तेव्हां त्यांना ठेवावयाचें कोठें? बागेसाठीं घेतलेल्या त्या मोकळ्या जमिनीवर. मुक्तिसदन तें असें उभें राहिलें. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील आश्रितांची संख्या दीड हजाराच्या घरांत गेली. फळांसाठीं घेतलेल्या जमिनीवर आधीं माणसें वाढलीं.

फळ कोणतें, ह्या आमच्या आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येथें मिळतें. पौलानें गलतीकरांस लिहितांना आत्म्याच्या नऊ गुणांचा उल्लेख केला आहे: प्रीति, आनंद, शांति आणि पुढचे सहा. मौज अशी कीं ग्रीक भाषेंत तेथें 'फळ' हा शब्द एकवचनी आहे. ते नऊ वेगळे घड नव्हेत, एकाच घडाचे मणी होत. आणि कोणताही वेल आपलीं द्राक्षें आपण खात नाहीं. शाळेच्या बक्षीससमारंभांत मिळालेला पेला ज्याचा त्याच्या घरीं जातो. प्रभु ज्याला फळ म्हणतो तें दुसऱ्याच्या तोंडीं लागतें, आणि म्हणून तें आलें कीं नाहीं हें सांगण्याचा अधिकार फांट्याला नसून खाणाराला असतो. आपल्या घरांतील मोलकरीण, आपल्या इमारतीचा पहारेकरी, आपल्या हाताखालचा कारकून, ह्यांना आपल्या धर्माची चव कशी लागते, हें पालकांनीं कधीं तरी त्यांच्याकडून ऐकावें. आम्ही शिक्षकांनीं तें वर्गांतील शेवटच्या नंबराच्या मुलाकडून ऐकावें.

रमाबाईंवरची छाटणी येथें थांबली नाहीं. संस्थेचा भार उचलील म्हणून ज्या मनोरमेकडे त्या पाहत होत्या, ती १९२१ सालीं त्यांच्या आधींच गेली. त्या वेळीं एक काम हातांत होतें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या बायकांनाही समजावें अशा साध्या मराठींत सबंध बायबल मूळ भाषांवरून उतरविण्याचें तें काम होतें, आणि त्यासाठीं उतारवयांत त्यांनीं इब्री व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला होता. मुलगी गेल्यावर त्या पुन्हां मेजाशीं बसल्या. भाषांतर पुरें झालें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई वारल्या. मुक्तींतल्या मुलींनीं त्याचे खिळे जुळविले, कागद छापले, आणि १९२४ सालीं तें बायबल केडगांवच्या छापखान्यांतून बाहेर पडलें. त्या मुलींपैकीं कित्येकजणी दुष्काळांतून उचलून आणल्या तेव्हां त्यांना अक्षरओळखही नव्हती.